मुरमांचे मलम आणि आपली घाई

'मुरूम' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरला जातो. एक मुरूम रस्त्यावर टाकायचा आणि दुसरा चेहऱ्यावर येणारा. रस्त्यावर मुरूम पडावा म्हणून लोक ग्रामपंचायतीत खेटे घालतात आणि चेहऱ्यावरचा मुरूम जावा म्हणून दवाखान्यात. दोन्ही कामांत लोकांना घाई असते आणि दोन्ही कामे घाईघाईने उरकली की पहिल्या पावसातच उघडी पडतात.

विनोद बाजूला ठेवू. ताप, खोकला, हगवण, मधुमेह, रक्तदाब यांच्या गर्दीत मुरूम म्हणजे किरकोळ बाब, असे मीही पुष्कळ वर्षे समजत होतो. "वयात आले की येतात, वय सरले की जातात," असे सांगून मी रोग्याला वाटेला लावीत असे. फारच आग्रह झाला तर चिठ्ठीवर एखादे मलम लिहून द्यायचे आणि पुढच्या रोग्याला हाक मारायची. या सवयीबद्दल मला आज थोडे स्पष्टपणे लिहायचे आहे, कारण तिचा भुर्दंड एका मुलीने भरला.

काही वर्षांपूर्वी पवनीकडच्या एका गावातील शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी १९-२० वर्षांची, कॉलेजात शिकणारी. चेहरा लालभडक, गालांवर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे, हनुवटीवर नकोशी लव आणि सगळीकडे एकसारख्या बारीक पुटकुळ्या. चेहऱ्यावर ऊन पडले की आग होते, पाणी लावले तरी आग होते, असे ती सांगत होती. दुपट्ट्याने तोंड झाकूनच ती खुर्चीवर बसली होती.

वडिलांनी पिशवीतून दोन ट्यूब काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मागच्या साली तुम्ही ही ट्यूब लिहून देल्ली होती. हिनं तं पोरीचं तोंड जळलं. मंग ह्या दुसऱ्या ट्यूबनं चार दिवसांत चेहरा साफ झाला. आता ते लावणं सोडलं का आग होते. काहून असं होऊन राहिलं?"

मी दोन्ही ट्यूब हातात घेतल्या. मी लिहून दिलेली ट्यूब जवळजवळ भरलेली होती. फार तर पंधरा-वीस वेळा वापरली असेल. दुसरी ट्यूब पार पिळून, गुंडाळी करून रिकामी केलेली होती आणि ती दहावी की बारावी, हे मुलीलाही आठवत नव्हते. भरलेल्या ट्यूबमध्ये मुरूम बरे करणारे औषध होते आणि रिकाम्या ट्यूबमध्ये चेहरा बिघडविणारे. बरे करणारे औषध तिसऱ्या आठवड्यात सुटले आणि बिघडविणारे दहा महिने चालू राहिले.

असे का झाले, याचा विचार करताना मला कबूल करावे लागले की सुरुवात माझ्याच टेबलावरून झाली होती. पहिल्या वेळी ती आली तेव्हा तापाची साथ चालू होती, बाहेर चाळीस-पन्नास रोगी बसले होते. मी ट्यूबचे नाव लिहिले आणि "रात्री लावत जा" एवढे तीन शब्द बोललो. औषध बरोबर होते. पण त्या औषधासोबत जे सांगायला हवे होते, ते मी सांगितले नाही.

हे औषध करते तरी काय?

मी लिहून दिलेले औषध होते ट्रेटिनॉइन. हे अ जीवनसत्त्वापासून तयार होणारे आम्ल आहे. याच्या कुळातील औषधांना रेटिनॉइड म्हणतात. अडापालीन हे त्याच कुळातले थोडे सौम्य भावंड. मुरमांवर ट्रेटिनॉइनचा उपयोग होतो, हे अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९७१ मध्ये तेथील सरकारने त्याला मान्यता दिली. म्हणजे औषध काही कालचे नाही. पन्नासपेक्षा अधिक वर्षे जगभर वापरून पारखलेले आहे.

मुरूम कसा होतो, ते आधी पाहू. आपल्या कातडीत केसांच्या मुळाशी तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. वयात येताना संप्रेरकांमुळे त्या अधिक तेल गाळू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचा खच साचून बूच बसते. तेल आतच अडते, तेथे जंतू वाढतात, सूज येते आणि लाल, दुखरा फोड दिसू लागतो. आपल्याला फोड आज दिसतो. पण आतले बूच काही आठवड्यांपूर्वीच बसलेले असते.

इतर बरीच औषधे जंतूंना मारतात किंवा सूज कमी करतात. रेटिनॉइड मात्र मुळाशी जाऊन बूच बसूच देत नाही आणि बसलेले असेल तर ते सैल करते. नाली तुंबली तर डासांवर फवारणी करणे हा एक उपाय आणि नालीतला गाळ उपसणे हा दुसरा. रेटिनॉइड गाळ उपसण्याचे काम करते. आता गाळ उपसायला लागले की पहिल्यांदा घाण वरच येणार! नेमके तेच चेहऱ्यावर होते. पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत काही जणांचे मुरूम कमी होण्याऐवजी वाढलेले दिसतात. कातडी कोरडी पडते, खपली सुटते, थोडी लाली येते, चुरचुरते. खरा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात.

आपल्या धानाच्या जिल्ह्यात ही गोष्ट समजावून सांगणे फार सोपे आहे, हे मला नंतर सुचले. रोवणी झाली की पहिले आठ-दहा दिवस रोप पिवळे पडते, मान टाकते. म्हणून कोणी शेतकरी घाबरून रोपे उपटून टाकतो काय? त्याला ठाऊक असते की मूळ धरायला वेळ लागतो. तोच शेतकरी आपल्या मुलीच्या चेहऱ्याच्या बाबतीत मात्र तिसऱ्या आठवड्यात बांधी मोडतो. दोष त्याचा नाही. रोप पिवळे पडणार आहे, हे त्याला त्याच्या बापाने सांगितलेले असते. कातडी सुटणार आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

चार दिवसांत गोरे करणारी ट्यूब

त्या मुलीने माझे औषध सोडले तेव्हा शेजारच्या वहिनीने आपली ट्यूब तिला दिली. पुढे ती मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय मिळू लागली. मी ट्यूबची मागची बाजू वाचली. त्यात तीन औषधे एकत्र होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातले मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे.

या मिश्रणाचा मूळ पुरुषही तोच क्लिगमन. १९७५ मध्ये त्यांनी आपल्या एका सहकाऱ्यासह चेहऱ्यावरील काळे डाग घालविण्यासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड यांचे मिश्रण सुचविले. आजही वांगाच्या डागांवर असे मिश्रण त्वचारोगतज्ज्ञ मोजक्या आठवड्यांसाठी, आपल्या देखरेखीखाली वापरतात. तेथे त्याला जागा आहे. पण आपल्या देशात ते देखरेखीतून निसटले आणि गोरे होण्याचे मलम म्हणून गावोगाव पोचले. मुरमांवर, वांगावर, गजकर्णावर, दाढी केल्यानंतर, लग्नाच्या आधी, कशावरही एकच ट्यूब!

स्टेरॉइडची जादू अशी की ते सूज चटकन दाबते. लाल फोड दोन-चार दिवसांत बसतो, चेहरा उजळ दिसतो. रोगी खूश, दुकानदार खूश. पण आत कातडी पातळ होत जाते. रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, ऊन सोसत नाही आणि दाबलेले मुरूम दुप्पट जोराने परततात. मलम थांबविले की चेहरा पेटतो, म्हणून रोगी पुन्हा तेच लावतो. हे दुष्टचक्र दारूच्या व्यसनापेक्षा फारसे वेगळे नाही. स्टेरॉइडवर अवलंबून राहिलेल्या अशा चेहऱ्याला आपल्याकडील त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळे नावच दिले आहे, इतके हे प्रकरण सर्रास झाले आहे.

हे मी माझ्या एका दवाखान्यावरून बोलत नाही. देशातील १२ त्वचारोग केंद्रांत झालेली एक पाहणी २०११ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइडचे मलम लावीत होते. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक ते मुरमांसाठी लावीत होते. आणि त्यांच्यात सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम कोणता? तर मुरूम येणे किंवा असलेले वाढणे! निम्म्याहून अधिक लोकांना हे मलम डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने सुचविले होते. पण उरलेल्यांचा हिशेब केला तर आम्हा डॉक्टर मंडळींनाही हात झटकता येत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत अशी मिश्रणे मीही लिहून दिली आहेत. रोगी लवकर बरा होऊन गेला, असे समजून मनातून खूशही झालो आहे. तो बरा होऊन गेला नव्हता. पुढच्या वेळी तो थेट दुकानात गेला होता, हे मला उशिरा कळले.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने कातडीवर लावण्याच्या १४ स्टेरॉइडांना 'शेड्यूल एच'मध्ये आणले, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा झाला, हे चांगलेच झाले. पण कायदा दुकानाच्या भिंतीवर आणि ट्यूब ग्राहकाच्या हातात, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. प्रामाणिक औषधविक्रेतेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. चिठ्ठी नसेल तर ग्राहकाला परत पाठविणारे आहेत. परंतु "अमक्या बाईनं लावली ते द्या" अशी मागणी करणारे ग्राहकही आपणच आहोत ना? आणि आता तर मोबाइलवर दर दोन मिनिटांनी कोणी तरी नवे मलम दाखविते. त्या मोबाइलमधल्या बाईला तुमच्या मुलीची कातडी कशी आहे, हे ठाऊक नसते.

वाचकांनी एवढे करावे. घरात चेहऱ्याला लावण्याची जी ट्यूब असेल, तिच्यावरची बारीक अक्षरे आजच वाचावीत. मोमेटासोन, बेटामेथासोन, डेक्सामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते स्टेरॉइड समजावे. नावाच्या शेवटी 'सोन' आले म्हणून ते सोने समजू नये. मात्र पुष्कळ महिने लावीत असाल तर एकदम मनाने बंदही करू नये. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जावे. ते कसे सोडवायचे, याची पद्धत असते.

रेटिनॉइड लावण्याची रीत

त्या मुलीला मी नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. स्टेरॉइड सुटायला बरेच महिने गेले. त्यानंतर त्यांनी पुन्हा रेटिनॉइडच सुरू केले आणि या वेळी मी तिला समोर बसवून सगळे सांगितले. जे सांगितले, तेच येथे लिहितो. हे वाचून कोणी आपल्या मनाने ट्यूब आणू नये. ज्यांना डॉक्टरांनी दिली आहे, त्यांनी ती सोडू नये, हा लिहिण्याचा हेतू.

हे मलम रात्रीच लावायचे. ट्रेटिनॉइन उजेडात नासते आणि कातडीही उन्हाला हळवी करते. साध्या, सौम्य साबणाने तोंड धुवावे आणि चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्यावा. त्यासाठी वीस मिनिटे थांबावे, कारण ओल्या कातडीवर ते अधिक झोंबते. मग संपूर्ण चेहऱ्यासाठी वाटाण्याएवढे मलम पुरे. ते फोडावर टिकलीसारखे ठेवायचे नाही. पातळ थर सगळीकडे पसरायचा, कारण न दिसणारी बुचेही काढायची आहेत. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांचे कोपरे सोडावेत. जास्त लावले म्हणजे लवकर गुण येतो, हा समज चुकीचा. युरियाची दोन पोती जादा टाकली म्हणून धान दुप्पट होत नाही, उलट लोळते.

सुरुवात कमी ताकदीच्या, बहुधा ०.०२५ टक्क्यांच्या मलमाने करतात. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड लावावे, सोसले तर रोज. कोरडेपणा आला तर साधे, तेलकट नसलेले मॉइश्चरायझर लावावे. फारच आग झाली, सूज आली तर दोन-चार दिवस थांबून डॉक्टरांना विचारावे. बेंझॉइल पेरॉक्साइडचे जेल दिले असेल तर ते सकाळी आणि हे रात्री. दोन्ही एकावर एक लावू नये. त्या जेलने टॉवेल, उशीची खोळ आणि दुपट्टा यांचा रंग उडतो, हेही आधी सांगितलेले बरे. नाही तर घरात औषधावरून भांडण होते!

दिवसा उन्हापासून जपणे हा उपचाराचाच भाग आहे. आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्याबद्दल मी काय सांगावे? सनस्क्रीन परवडत असेल तर सकाळी लावावे. नसेल परवडत तर छत्री, टोपी, सुती दुपट्टा यांनीही बरेच काम होते. मात्र स्कूटीवर तोंडाला गुंडाळायचा दुपट्टा रोज धुवावा. चार दिवसांचा घामट कपडा चेहऱ्यावर घट्ट बांधला तर मुरूम वाढतात. रोवणीच्या दिवसांत बांधीतील पाण्यावरून उन्हाची तिरीप खालून तोंडावर येते, हे बायाबापड्यांना सांगायला नको. ब्लीच, फेशियल, वॅक्सिंग, खरखरीत स्क्रब या काळात टाळावे. रेटिनॉइडने कातडी नाजूक झालेली असते, वॅक्ससोबत ती सोलून निघते. फोड नखांनी फोडू नये. खड्डे पडण्याचे ते मोठे कारण आहे.

आणि तीन महिने धीर धरावा. तीन महिने म्हणजे तीन महिने. नीट वापरले तर २० ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिने सहज पुरते, तेव्हा खर्चाचाही हिशेब फारसा भारी होत नाही. स्टेरॉइडच्या डझनभर ट्यूब आणि नंतरच्या नागपूरच्या फेऱ्या यांपुढे तर काहीच नाही.

लग्नाच्या घरासाठी एक महत्त्वाची सूचना

मुरमांसाठी आमच्याकडे मुली आणल्या जातात त्या बहुधा लग्न ठरायच्या सुमारास. "पाहुणे पाहायला येऊन राहिले, लवकर काही तरी करा," हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही. म्हणजे उपचार सुरू असतानाच लग्न होते आणि लवकरच दिवस राहतात. येथे एक गोष्ट प्रत्येक आईबापाने आणि नवविवाहितेने लक्षात ठेवावी. दिवस राहिले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल तर रेटिनॉइडचे मलम लावू नये. मलम रक्तात फारच थोडे उतरते. तरी गर्भाच्या बाबतीत जोखीम घ्यायची नाही, हा नियम.

याच कुळातील आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या मात्र खरोखरच धोकादायक आहेत. चट्टे पाडणाऱ्या, गंभीर मुरमांवर त्या फार गुणकारी आहेत. पण गरोदरपणात घेतल्या तर बाळात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. गोळ्या चालू असताना आणि थांबविल्यावर किमान एक महिना दिवस राहता कामा नयेत. मुलगा असो की मुलगी, या काळात आणि पुढे महिनाभर रक्तदानही करू नये, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला दिले जाऊ शकते. बहिणीच्या उरलेल्या गोळ्या भावजयीने घेणे, असले प्रकार आपल्याकडे होतात. ते कृपा करून करू नका. हे प्रश्न विचारायला मुली लाजतात. त्यांनी लाजू नये आणि आम्ही डॉक्टरांनी त्या विचारतील म्हणून वाट पाहू नये. गरोदरपणातही चालतील अशी दुसरी औषधे आहेत, ती डॉक्टर सुचवितात.

काही गैरसमज

मुरूम रक्त खराब झाल्याने येतात, असे आपल्याकडे सर्वसाधारण मत आहे. ते खरे नाही. मुरूम हे अस्वच्छतेचे लक्षण नाही आणि दिवसातून आठ वेळा तोंड धुण्याने ते जात नाहीत. दोन वेळा पुरे. 'गरमी' उतरविणाऱ्या काढ्यांनी बूच निघत नाही. टूथपेस्ट आणि लिंबू चेहऱ्यावर चोळल्याने कातडी भाजते. तळलेले खाल्ल्यानेच मुरूम येतात असे सिद्ध झालेले नाही. मात्र फार गोड, मैद्याचे पदार्थ आणि शीतपेये कमी केल्याने काहींना फरक पडतो. डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर ओघळत असेल तर कपाळावर फोड येतात, तेव्हा तेल बेताने लावावे. आणि "लग्न झालं का जातील" या वाक्याला वैद्यकशास्त्रात काही आधार नाही.

मुलीची पाळी अनियमित असेल, ओठांवर-हनुवटीवर राठ केस येत असतील, वजन वाढत असेल तर मुरमांसोबत बीजांडकोशाच्या दोषाचीही तपासणी करावी. मोठ्या, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील तर माझ्यासारख्या एम.बी.बी.एस. डॉक्टरकडे वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या महिनोन् महिने खाऊ नयेत. जंतू त्यांना जुमानेनासे होतात.

आणि हो, मुरूम केवळ मुलींना येत नाहीत. पोलिस भरतीची तयारी करणारा एक मुलगा, भरतीत काय विचारतील याला घाबरत नसे, पण मित्र त्याला एका फळाच्या नावाने हाक मारीत म्हणून मैदानावर जाणे सोडून बसला होता. त्याच्या आईने हे मला दाराआडून सांगितले. आपण ज्याला किरकोळ म्हणतो, ते त्या वयाच्या पोराला आरशासमोर रोज सोसावे लागते. घरातल्या मोठ्यांनी तरी त्यावरून टोमणे मारू नयेत.

शेवटी माझे मत

औषधे वाईट नाहीत. रेटिनॉइड चांगलेच औषध आहे. स्टेरॉइडदेखील योग्य जागी, योग्य दिवस वापरले तर उपकारक आहे. बिघाड होतो तो औषध आणि माहिती यांची ताटातूट झाली की. स्टेरॉइडच्या ट्यूबला समजावून सांगणारा माणूस लागत नाही, ती चार दिवसांत स्वतःच आपली जाहिरात करते. रेटिनॉइडला मात्र पाच मिनिटे बोलणारा डॉक्टर लागतो, कारण पहिल्या महिन्यात ते स्वतःच्या विरोधातच साक्ष देते. ती पाच मिनिटे आम्ही दिली नाहीत, तर चुकीची ट्यूब जिंकणारच. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे की वेळ नसेल तर हे मलम लिहूच नका. आणि लिहिले तर तिसऱ्या आठवड्यात रोग्याला पुन्हा बोलवा, त्या वेळी फी घेऊ नका. मी आता तसेच करतो. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठी मागावी. ग्राहकाने चिठ्ठी मागितल्याचा राग मानू नये. आणि वाचकांनी डॉक्टरांना निर्भीडपणे विचारावे, "याने आधी काय होईल आणि गुण कधी येईल?" हा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

त्या मुलीचा चेहरा आता बराच सुधारला आहे. गालांवरच्या काही बारीक रक्तवाहिन्या राहिल्या आहेत. त्या पूर्ण जातील असे मी तिला सांगितलेले नाही. मागे ती औषधाची ट्यूब दाखवायला आली तेव्हा दुपट्टा खांद्यावर होता, तोंडावर नव्हता. ट्यूब अर्ध्यापर्यंत वापरलेली होती आणि ती बरोबर वापरली जात होती. जाताना तिने विचारले, "सर, माझ्या मैत्रिणीले पण हेच सांगू का?"

मी म्हटले, "ट्यूबचं नाव नको सांगू बेटा. तिला इकडं घेऊन ये."